आयव्ही हाउस, नन्हेड: ३७१ सभासदांनी वाचवलेल्या पबचे परीक्षण

दक्षिण-पूर्व लंडनच्या नन्हेड भागात, स्टुअर्ट रोडवर आयव्ही हाउस नावाचा पब आहे. परिसरातल्या रहिवाशांनी एकत्र येऊन, भाग (शेअर) विकून, कर्ज काढून आणि अनुदान मिळवून २०१३ मध्ये तो विकत घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केला. लंडनमधला हा पहिला सहकारी पब. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने स्थानिक लोकांना जी नवी सवलत दिली, तिचा उपयोग करून देशात सर्वांत आधी विकत घेतली गेलेली इमारतही हीच. या लेखात मला दोन गोष्टींचे परीक्षण करायचे आहे: जागा म्हणून आयव्ही हाउस कसे आहे, आणि ज्या पद्धतीने लोकांकडून पैसा उभा करून ते वाचवले गेले ती पद्धत कितपत भरवशाची आहे. दोन्ही एकत्र पाहण्याचे कारण असे की, माझ्या मते इथे एकीशिवाय दुसरी टिकली नसती.

आपल्याकडे पब म्हटले की मोठा आवाज, अंधार आणि महागडी दारू एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडमधला गल्लीतला पब ही पिण्याची जागा तर असतेच, पण ती आजूबाजूच्या लोकांची बैठकही असते. बारशापासून मयतानंतरच्या जमण्यापर्यंतचे कार्यक्रम तिथे होतात, दुपारी म्हातारी माणसे वर्तमानपत्र वाचत बसतात, रविवारी मुलाबाळांसह कुटुंबे जेवायला येतात. असा पब बंद पडला की गल्लीतल्या लोकांना भाडे न भरता तासभर बसता येईल अशी छपराखालची जागाच उरत नाही. आणि असे पब गेली कित्येक वर्षे बंद पडत आहेत, कारण मोठ्या शहरात पब चालवून जे मिळते त्याहून कितीतरी अधिक पैसा त्याच इमारतीचे फ्लॅट करून मिळतो.

आयव्ही हाउसची इमारत १९३० च्या दशकातली. ट्रूमन या लंडनच्या जुन्या ब्रुअरीसाठी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीसाठी, तिचे आराखडे ए. ई. सेवेल यांनी काढले. ते ब्रुअरीचेच वास्तुरचनाकार होते आणि कोलंबिया रोडवरचा रॉयल ओक, स्पिटलफील्ड्समधला गोल्डन हार्ट हे पबही त्यांचेच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रुअऱ्यांनी आपल्या पबांचे रूप मुद्दाम बदलायला घेतले होते. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लोकमत तापलेले होते आणि परवाने देणारे न्यायाधीश कडक झाले होते, तेव्हा मोठ्या, उजेडाच्या, बायकामुलांना घेऊन जाता येईल अशा इमारती बांधाव्यात, तिथे जेवण मिळावे, समारंभाला दालन असावे, असे धोरण ठरले. आयव्ही हाउसमध्ये मंचासह प्रशस्त दालन आहे ते या धोरणामुळे. त्या दालनाचे महत्त्व पुढच्या सगळ्या हकिकतीत आहे, म्हणून ते आत्ताच सांगून ठेवतो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती लाकडाकडे. भिंती खांद्याच्या वरपर्यंत गडद लाकडी फळ्यांनी मढवलेल्या आहेत, आणि कित्येक हातांनी टेकून, पुसून, घासून त्या लाकडाला जी झिलई आली आहे ती कुठल्याही नव्या पॉलिशने येणार नाही. अलीकडे नव्या पबांनाही जुनेपणाचा साज चढवण्याची पद्धत पडली आहे. तिथे लाकूड नवे आणि डाग मुद्दाम पाडलेले असतात. इथला काउंटर मात्र त्या काळचाच आहे, आणि त्याच्या कडेवरून हात फिरवला की कुठे माणसे उभी राहत आली असतील ते बोटांना कळते. एका दालनातून दुसऱ्यात जाताना छताची उंची बदलते, उजेड बदलतो आणि बसणाऱ्यांचा आवाजही बदलतो. पूर्वी पबमध्ये कामगारांची बाजू वेगळी आणि सभ्य समजल्या जाणाऱ्यांची बाजू वेगळी असे. ती वर्गवारी गेली, पण तिच्यामुळे झालेल्या वेगवेगळ्या खोल्यांचा उपयोग आज फार चांगला होतो: एकीकडे गाणे चालू असताना दुसरीकडे शांतपणे बोलत बसता येते.

मंचाचे दालन हे या जागेचे खरे धन. १९७० च्या दशकात, हा पब न्यूलँड्स टॅव्हर्न या नावाने ओळखला जात असताना, लंडनमध्ये पबांतून वाजणाऱ्या रॉक संगीताची एक लाट आली होती आणि हे दालन तिच्या ठळक ठिकाणांपैकी एक होते. इयन ड्यूरी, डॉक्टर फीलगुड, ग्रॅहम पार्कर, जो स्ट्रमर आणि एल्व्हिस कॉस्टेलो यांच्यासारखे कलाकार नाव होण्याआधी किंवा होत असताना इथे वाजवून गेले. आज त्याच मंचावर लोकगीतांच्या बैठका होतात, स्थानिक बँड वाजवतात, विनोदी कार्यक्रम होतात, प्रश्नमंजूषा रंगते. मंचाची उंची बेताची आहे, त्यामुळे पहिल्या रांगेतला श्रोता आणि गाणारा जवळजवळ डोळ्यांत डोळे घालून असतात. पाठीमागे पडदा, समोर लाकडी जमीन, बाजूला बार. लाकडामुळे आवाज कानाला बोचत नाही. ध्वनिवर्धकाशिवाय गाणारी बाई शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाते, हे मी स्वतः ऐकले आहे, आणि लंडनमध्ये परवडणाऱ्या भाड्यात अशी दालने फार थोडी उरली आहेत.

पेय आणि खाणे यांबद्दल थोडक्यात. काउंटरवरच्या हातपंपाने पिंपातून ओढून देतात ती एल, म्हणजे पारंपरिक इंग्रजी बिअर, निगुतीने ठेवलेली असते. पिंपातल्या जिवंत बिअरला तळघराचे तापमान, नळ्यांची स्वच्छता आणि पिंप उघडल्यावर ठरावीक दिवसांत संपवण्याची शिस्त लागते, आणि कुठल्याही पबची पारख तिथेच होते. लहान ब्रुअऱ्यांच्या बिअरना इथे आवर्जून जागा दिली जाते. पूर्वी पब चालवणाऱ्याला मालक कंपनी सांगेल त्याच बिअर घ्याव्या लागत. मालकीच बदलल्यामुळे ते बंधन गेले, आणि सामुदायिक मालकीचा हा फायदा ग्राहकाच्या ग्लासापर्यंत पोहोचलेला दिसतो. रविवारचे भाजलेल्या मांसाचे, बटाट्यांचे आणि ग्रेव्हीचे जेवण इथेही रिवाजाप्रमाणे असते. पदार्थ बदलत राहतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी त्या दिवशी काय आहे हे आधी विचारलेले बरे. न पिणाऱ्या माणसाला इथे अवघडल्यासारखे होत नाही, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. चहा घेऊन कोपऱ्यात बसलेल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

आता ही जागा वाचली कशी ते पाहू, कारण परीक्षणाचा मुख्य भाग तोच आहे.

एप्रिल २०१२ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने पब चालवणाऱ्यांना जेमतेम काही दिवसांची मुदत देऊन तो बंद केला. इमारत बिल्डरच्या हातात जाणार आणि फ्लॅट होणार हे उघड दिसत होते. रहिवाशांनी सर्वांत आधी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते: पैसे गोळा करण्याच्या मागे न लागता त्यांनी इमारतीला वारसा यादीत ग्रेड टू दर्जा मिळवून दिला, आणि तोही तातडीने. या दर्जामुळे इमारत पाडणे किंवा आतले मूळ काम उखडणे परवानगीशिवाय अशक्य झाले. बिल्डरच्या हिशेबात त्या क्षणी जागेची किंमत उतरली, आणि रहिवाशांच्या हिशेबात ती आवाक्याच्या थोडी जवळ आली. दोन महायुद्धांमधल्या काळातल्या पबांकडे तोवर फारसे कोणाचे लक्ष नव्हते. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने अशा २१ पबांना एकदम दर्जा मिळाला तो पुढे २०१५ मध्ये. नन्हेडच्या लोकांनी आपल्या इमारतीचे मोल तीन वर्षे आधी ओळखले होते.

दुसरी पायरी लोकॅलिझम कायद्याची. या कायद्यानुसार लोकांच्या दृष्टीने मोलाची असलेली जागा स्थानिक परिषदेकडे नोंदवता येते. नोंद झाली की मालकाला ती विकायची असल्यास आधी परिषदेला कळवावे लागते. मग सहा आठवड्यांत एखाद्या स्थानिक गटाने बोली लावण्याची इच्छा कळवली, तर एकूण सहा महिने विक्री थांबते. तेवढ्या काळात गटाने पैसे उभे करायचे. आयव्ही हाउसची नोंद तिथल्या साउदर्क परिषदेने केली आणि अशी नोंद झालेला तो देशातला पहिला पब ठरला. मात्र या कायद्याची मर्यादा नीट लक्षात घ्यायला हवी: तो वेळ देतो, हक्क देत नाही. सहा महिने झाल्यावर मालक हवे त्याला, हव्या त्या किमतीला विकू शकतो. लोकांच्या गटालाच विकले पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही, आणि अनेक ठिकाणी सहा महिने पैसे जमवण्यात निघून गेले, जागा मात्र हातची गेली. आयव्ही हाउस मिळाले, कारण कायद्याचा काळ सुरू होईपर्यंत तिथल्या मंडळींची निम्मी तयारी झालेली होती.

खरेदीची किंमत होती ८,१०,००० पौंड. एवढी रक्कम गल्लीतल्या लोकांच्या खिशातून आली, असे जे कौतुकाने सांगितले जाते ते खरे नाही. खरेदीचा मुख्य भार आर्किटेक्चरल हेरिटेज फंडाच्या कर्जाने आणि सोशल इन्व्हेस्टमेंट बिझनेस या संस्थेमार्फत मिळालेल्या पैशाने उचलला. रहिवाशांना भाग विकून उभे राहिले १,४२,६०० पौंड, आणि ते दिले ३७१ जणांनी. म्हणजे माणशी सरासरी ३८४ पौंड, आणि खरेदीच्या किमतीशी ताडून पाहिले तर जेमतेम साडेसतरा टक्के.

हा आकडा लहान वाटतो, आणि अनेक जण त्यावरून असा निष्कर्ष काढतात की भागविक्री ही केवळ शोभेची होती, खरे काम कर्जाने केले. मला हे अजिबात पटत नाही. कर्ज देणारी संस्था इमारतीकडे पाहते, पण त्याहून अधिक ती विचारते की हप्ते कशातून फिटणार. पबचे हप्ते फिटतात ते मंगळवारच्या थंड संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकांतून, आणि ज्याने आपले तीनचारशे पौंड त्या काउंटरमागे ठेवले आहेत तो मंगळवारी येतो, सोबत दोघांना घेऊन येतो, मुलीचा वाढदिवस तिथेच करतो, आणि गाण्याचा गट चालवत असेल तर तालमीला तीच जागा धरतो. ३७१ भागधारक म्हणजे दार उघडण्याआधीच मिळालेली ३७१ घरांची गिऱ्हाइकी. बँकेच्या कागदात हे भांडवल म्हणून दिसत नाही, पण धंद्याच्या दृष्टीने जमा झालेल्या रकमेहून ते मोठे आहे. वास्तू विकत घेणे हे एकदाचे काम, ती रोज वापरात ठेवणे हे कायमचे. आणि भाग विकताना या मंडळींनी दुसऱ्या कामाची माणसे पहिल्या कामातच बांधून घेतली.

या भागांचे स्वरूप महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावणे सोपे आहे, कारण सहकारी संस्थेचा भाग आपल्याकडे घरोघरी माहीत असतो. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून गावच्या पतसंस्थेपर्यंत आपण ज्या नियमावर उभे आहोत तोच नियम इथेही आहे: एक सभासद, एक मत. शंभर पौंड देणारा आणि दहा हजार देणारा सर्वसाधारण सभेत सारखेच बोट वर करतात. फरक आहे तो बाहेर पडण्याच्या अटींत. ब्रिटनमधले हे सामुदायिक भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि दुसऱ्याला जास्त भावाने देताही येत नाहीत. पैसे परत हवे असतील तर संस्थेकडे मागायचे, आणि संस्था आपली आर्थिक स्थिती पाहून, बहुधा सुरुवातीची काही वर्षे उलटल्यावर, ते मूळ किमतीलाच परत करते. इमारतीची किंमत उद्या दुप्पट झाली तरी भागाची किंमत एक पेनीनेही वाढत नाही. व्याज द्यायचे की नाही आणि किती, हे नफा पाहून ठरते, आणि तेही लोकांनी पैसे ठेवावेत एवढ्यापुरतेच असावे असा दंडक आहे. एका व्यक्तीला असे भाग किती घेता येतील यालाही कायद्याची मर्यादा आहे: २०१४ पर्यंत ती २०,००० पौंड होती, नंतर १,००,००० करण्यात आली.

यात आणखी एक तरतूद असते, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. समाजहितासाठी नोंदवलेली संस्था आपल्या मालमत्तेला कायद्याचे कुलूप लावू शकते. म्हणजे उद्या सभासदांनी बहुमताने ठरवले की इमारत विकून पैसे वाटून घेऊ, तरी तसे करता येत नाही. संस्था मोडली तर उरलेली मालमत्ता तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. आपल्याकडे मोक्याच्या जागेवरच्या संस्था ताब्यात घेण्यासाठी सभासदांच्या याद्या कशा फुगवल्या जातात आणि मग जागेचा विकास करण्याचे ठराव कसे येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कुलपाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांपैकी एखादा वाडा लोकांनी मिळून घ्यायचा झाला, तर पैशाच्या आधी अशा कुलपाचा विचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घालतो हे चांगलेच आहे, पण जुन्या वास्तूला खरा धोका लाभांशाचा नसतो, तिच्याखालच्या जमिनीचा असतो.

देणगी आणि भाग यांतला फरकही इथे पाहण्यासारखा आहे. आपल्या मंडळांच्या, वाचनालयांच्या, नाट्यगृहांच्या वास्तू बहुतेक देणग्यांतून उभ्या राहिल्या, आणि त्या देणगीदारांचे ऋण मोठे आहे. प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटीवर त्यांची नावे आपण वाचतो. पण देणगी दिली की देणाऱ्याचा त्या जागेशी संबंध बहुधा त्या पाटीपुरता उरतो. भाग घेतलेल्या माणसाला मात्र दर वर्षी ताळेबंद मिळतो, सभेची नोटीस येते, छत गळत असेल तर त्याला कारण विचारता येते आणि कार्यकारिणी बदलताही येते. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी संस्था परदेशात इतकी वर्षे टिकली ती अशाच विचारणाऱ्या, राबणाऱ्या सभासदांमुळे. नव्याने जागा शोधणाऱ्या लहान मंडळांनी केवळ देणगीचे पावतीपुस्तक न फिरवता भागविक्रीचाही विचार करावा, एवढे सुचवावेसे वाटते.

आता धोक्यांविषयी. सामुदायिक भागाला बँकेतल्या ठेवीसारखे संरक्षण नसते. संस्था बुडाली तर भरपाई योजनेतून काही मिळत नाही आणि भागधारकाचे सगळे पैसे जाऊ शकतात. हे केवळ कागदावरचे इशारे नाहीत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जचा समुद्रधक्का हजारो लोकांनी भाग विकत घेऊन वाचवायला मदत केली, त्याची पुनर्बांधणी इतकी सुंदर झाली की २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच महिन्यात संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धक्का नंतर खाजगी मालकाला विकला गेला. भागधारकांचे प्रेम कमी पडले नव्हते. समुद्रातल्या लोखंडाच्या देखभालीचा खर्च भागेल एवढे रोजचे उत्पन्न तिथे नव्हते. आयव्ही हाउसची बाजू इथेच भक्कम ठरते. पब हा रोज पैसा आणणारा धंदा आहे आणि दालनाचे भाडे, कार्यक्रमांची तिकिटे, लग्नाचे समारंभ, स्वयंपाकघर असे उत्पन्नाचे अनेक झरे त्याला आहेत. ज्या ऐतिहासिक वास्तूला पाहुणे आहेत पण गिऱ्हाईक नाही, तिच्यासाठी भाग घेताना दहा वेळा विचार करावा.

सामुदायिक मालकी आली म्हणजे सगळे आपोआप न्याय्य होते, अशीही समजूत नको. २०१८ मध्ये इथल्या काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्यावर बाकीच्यांनी युनियनच्या मदतीने काम बंद केले होते. ठरावीक तासांची हमी नसलेले करार हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. वाद थोड्याच दिवसांत मिटला आणि कामगारांच्या बाजूने मिटला. काउंटरच्या पुढे उभे असलेले लोक मालक झाले, पण काउंटरच्या मागे उभे असलेल्यांचे काय, हा प्रश्न भागविक्रीच्या माहितीपत्रकात क्वचितच असतो. असा प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी तो पहिल्या दिवशी लिहून घ्यावा. कर्मचाऱ्यांसाठी कार्यकारिणीत जागा ठेवणे हा एक साधा उपाय आहे. आपल्या साखर कारखान्यांनी ऊस उत्पादकाला मालक केले आणि ऊसतोड कामगाराला बाहेरच ठेवले. त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

सहकारी पबची कल्पना इंग्लंडमध्ये आयव्ही हाउसपासून सुरू झाली असे नव्हे. उत्तर इंग्लंडच्या कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावचा ओल्ड क्राउन पब गावकऱ्यांनी २००३ मध्येच विकत घेतला होता. पण तिथे गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि जमिनीचे भाव लंडनच्या मानाने काहीच नाहीत. भाडेकरू सतत बदलणाऱ्या, शेजाऱ्याचे नाव माहीत नसणाऱ्या महानगरात तीच गोष्ट साधता येते हे आयव्ही हाउसने पहिल्यांदा दाखवले. त्याचा परिणाम पुढे दिसलाही: जागेची परिषदेकडे नोंद करून घेणे हे आज इंग्लंडमध्ये पबप्रेमींचे पहिले पाऊल झाले आहे.

माझा निष्कर्ष असा: जागा म्हणून आयव्ही हाउसला मी निःसंकोच पूर्ण गुण देईन, कारण एवढे जुने आणि एवढे वापरातले दालन मला लंडनमध्ये दुसरे ठाऊक नाही. पद्धत म्हणून सामुदायिक भाग हे गुंतवणुकीचे साधन समजून घेऊ नयेत. ज्या जागेत आपण महिन्यातून चार वेळा जाणार आहोत त्या जागेचे भाग घ्यावेत, आणि तेही गेले तरी चूल बंद पडणार नाही एवढ्याच रकमेचे. घेण्याआधी तीन कागद मागावेत: संस्थेचे नियम, ज्यात मालमत्तेचे कुलूप आहे की नाही ते कळेल, कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक, आणि दालन आठवड्यातले किती दिवस भाड्याने गेलेले आहे याची नोंद. शेवटचा कागद बहुतेक जण मागत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका असतो.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नन्हेड स्टेशनपासून पब चालत जाण्यासारख्या अंतरावर आहे. शनिवारी दालन खाजगी समारंभासाठी दिलेले असू शकते, म्हणून मंच आणि आतले काम निवांतपणे पाहायचे असेल तर आठवड्यातली एखादी संध्याकाळ निवडावी आणि कार्यक्रमपत्रिका पाहूनच निघावे. दालन भाड्याने घ्यायचे असल्यास दिवस पुष्कळ आधी सांगून ठेवावा. लहान नाट्यवाचन किंवा बैठकीच्या गाण्याला हे दालन उत्तम आहे. हाताशी दुपार असेल तर जवळची नन्हेड दफनभूमी अवश्य पाहावी. ती १८४० मधली आहे आणि तिच्या टेकडीवरून झाडांच्या फटीतून सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. तिचे फाटक रात्री बंद असते, त्यामुळे आधी तिकडे जाऊन मग पबकडे वळलेले सोयीचे.